किरकोळ रजेवरचं निधन

वामनराव सावे एका शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता शिरगावच्या किनाऱ्यावर मेले आणि पावणेबारा वाजता पालघरच्या कचेरीत तसा रीतसर ठराव झाला. सरकारी कामात सव्वादोन तासांत काही निकालात निघाल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण. ते नेमकं आपल्या बाबतीत घडावं, याचा वामनरावांना पुढे कित्येक दिवस धड रागही येईना आणि धड अभिमानही वाटेना.

या निधनाची सुरुवात एका फायलीतून झाली. साल सत्त्याऐंशी, महिना मार्च. वामनराव पालघरच्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. कचेरीचं नाव सांगत नाही. तुमच्या माहितीतल्या कुठल्याही कचेरीचं घातलंत तरी गोष्टीत फरक पडणार नाही. विलायतेतल्या एका कंपनीला शिरगावच्या सुरूच्या बनात सिनेमा काढायचा होता आणि त्यासाठी किनारा वापरायची परवानगी हवी होती. सिनेमातली गोष्ट घडत होती दूरच्या कुठल्याशा बेटावर, रबराच्या मळ्यांत. पण खऱ्या बेटावर जायचं कंपनीला झेपेना, म्हणून बेटच शिरगावला आणायचं ठरलं. अर्जाला इंग्रजीत पंधरा पानांची कथा जोडली होती. साहेबांनी शेरा मारला, 'कथेचा मराठी सारांश जोडावा', आणि फाईल वामनरावांच्या टेबलावर आली.

वामनरावांनी पहिली चार पानं उघड्यावर वाचली. उरलेली अकरा त्यांनी टपालाच्या नोंदवहीत घालून वाचली. बेटावरचे ते गोरे लोक दुपारी उठत, उठले की पीत, प्यायले की पत्ते कुटत आणि पत्त्यांचा कंटाळा आला की बायका बदलत. बाहेर महायुद्ध चाललंय याची त्यांना फारशी कल्पना नव्हती. वामनरावांनी सव्वीस वर्षं सरकारी मराठी लिहिलं होतं. त्या मराठीत मावत नाही अशी गोष्ट आजवर त्यांना भेटली नव्हती, आणि हीदेखील त्यांनी बसवून दाखवली. त्यांचा सारांश असा होता:

'सदर बेटावरील गोरे रहिवासी मद्यप्राशनात कालक्रमणा करतात. पैकी लॉर्डसाहेब यांचे श्रीमती क्रमांक एक (विवाहित, परंतु लॉर्डसाहेबांशी नव्हे) यांच्याशी सलोख्याचे संबंध प्रस्थापित होतात. दरम्यान श्रीमती क्रमांक दोन (लॉर्डसाहेबांशी विवाहित) यांचेही अन्यत्र सलोख्याचे संबंध असल्याचे निदर्शनास येते. सबब लॉर्डसाहेबांचा समुद्रकिनारी गोळी घालून खून होतो.'

हा सारांश कचेरीत हातोहात फिरला. शेजारच्या टेबलावरच्या दामूअण्णांनी तो घरी नेऊन वाचला आणि दुसऱ्या दिवशी परत आणला. साहेबांनी मात्र फाईल परत पाठवली. शेरा होता, 'खून कोणी केला याचा बोध होत नाही. त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे.'

कंपनीने कळवलं, खुनी कोण हे सिनेमात शेवटपर्यंत कळत नाही, त्यातच मौज आहे. साहेबांना त्यात मौज दिसली नाही. अखेर वामनरावांनी सात संशयितांची यादी परिशिष्ट म्हणून जोडली आणि प्रकरण पुढे सरकलं. मग नवी अडचण निघाली. प्रेत किनाऱ्यावर नेमकं कुठे पडणार? भरतीच्या रेषेच्या वर पडलं तर हरकत नाही. पण रेषेच्या खाली पडलं तर ती जागा दुसऱ्या खात्याची, आणि त्या खात्याला मागल्या खेपेला एका पत्राचं उत्तर द्यायला चौदा महिने लागले होते. तेव्हा हेडक्लार्कने समक्ष जाऊन प्रेताची जागा ठरवून द्यावी, असा आदेश निघाला.

आता इथे नलूताईंबद्दल सांगायला हवं. नलूताई म्हणजे वामनरावांची बायको. वामनराव तीस वर्षं हौशी नाटकांतून कामं करत होते. हौशी म्हणायचं, पण हौस फक्त त्यांच्या बाजूने होती. मंडळ त्यांना दूत, तिसरा सैनिक, फार तर 'महाराज, घात झाला' एवढं सांगून जाणारा प्रधान, याच्या पुढे जाऊ देत नव्हतं. एकदा राजाची भूमिका मिळाली, तर त्यांच्या प्रवेशाला दिवे गेले. गाणाऱ्याला वन्स मोअर मिळतो, रडणाऱ्याला मिळतो. एकदा तर पडदा वर ओढताना घसरून पडलेल्या माणसालाही मिळाला होता. वामनरावांना कधी मिळाला नाही. आणि लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तरी नलूताईंनी त्यांचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. "सगळेच गेलो तर परत आल्यावर दार कोण उघडेल?" असं त्या म्हणत. या प्रश्नाला कुलूप-किल्ली हे उत्तर वामनराव दरवर्षी देत, आणि दरवर्षी नलूताई दार उघडायला घरीच राहत. वामनरावांचं हे एक दुखणं होतं. बढती राहिली, घराचा वरचा मजला राहिला, त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. नलूने एकदा समोर बसून आपलं काम बघावं, एवढंच त्यांना हवं होतं.

तर वामनराव टेप घेऊन शिरगावला गेले. बरोबर त्यांचे शेजारी रामनाथ चुरी होते. रामनाथ बोईसरच्या कारखान्यांना मजूर पुरवत, आणि या सिनेमालाही माणसं पुरवण्याचं काम त्यांनीच मिळवलं होतं. वामनरावांनी भरतीच्या रेषेपासून साडेसात फूट मोजले, काठीने वाळूवर खूण केली आणि दिग्दर्शकाला इंग्रजीत समजावून सांगितलं. दिग्दर्शक उंच, सडपातळ, सातपाटीला घेतलेली लुंगी नेसलेला माणूस होता. त्याला समजेना. मग वामनराव चपला काढून स्वतःच वाळूत आडवे झाले. "डोकं इथे. पाय इथे. याच्या खाली एक बोटही नाही!"

दिग्दर्शक त्यांच्याकडे बघत राहिला. झालं होतं असं, की लॉर्डसाहेबांचं काम करणारा नट बोईसरच्या लॉजवर दोन दिवस पोट धरून पडला होता. कोणीतरी पैज मारली म्हणून त्याने मिरचीच्या ठेच्यात बुडवलेली कोळंबी खाल्ली होती. लॉर्डचा जिवंतपणीचा भाग आधीच चित्रित झाला होता. राहिला होता तो मेल्यानंतरचा. आणि समोर वाळूत गोऱ्यापान वर्णाचा, घाऱ्या डोळ्यांचा, भक्कम जबड्याचा एक मनुष्य बिनतक्रार पडला होता. दिग्दर्शकाने टाळी वाजवली.

संध्याकाळी वामनराव घरी आले ते मान ताठ करून. "नलू, मला विलायती सिनेमात काम मिळालं."

"कसलं?"

"लॉर्डचं."

नलूताई तांदूळ निवडत होत्या. "बोलायचं किती आहे?"

"भूमिका बोलण्यावर नसते," वामनराव म्हणाले.

"म्हणजे नाहीच." नलूताईंनी खडा बाजूला टाकला. "मग करायचं काय?"

"मरायचं."

"अगंबाई! त्याला विलायतेहून माणसं यावी लागली?"

दुसऱ्या दिवशीपासून गल्लीने सल्ले द्यायला सुरुवात केली. रामनाथ म्हणाले, "वामनराव, मरायचं म्हणजे सैल पडायचं. मी बोईसरला माणसं चक्कर येऊन पडताना बघतो ना, हात असा बाहेर पडतो. तुमचा हात अजून सही करायला निघाल्यासारखा दिसतोय." समोरच्या निवृत्त मास्तरांनी श्वास रोखायचा उपाय सांगितला: मनात पाढे म्हणायचे. वामनराव ओटीवर सतरंजी टाकून मरायचा सराव करू लागले. एकोणतीसच्या पाढ्यात एकोणतीस चोकपर्यंत श्वास टिके, मग पोट आपोआप वर येई. नलूताई केरसुणी घेऊन येत आणि म्हणत, "उठा, तेवढा केर काढून घेते. मग मरा परत."

"शुक्रवारी येशील ना बघायला?" वामनरावांनी विचारलं.

"शुक्रवारी रत्नाबाई मासे घेऊन यायची. दार कोण उघडेल?"

कचेरीत वामनरावांनी सिनेमातल्या कामाबद्दल कोणाला सांगितलं नव्हतं, नुसता एका दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी 'सिनेमात मरण्यासाठी' असं लिहिणं बरं दिसेना, म्हणून 'छातीत दुखत असल्याने' असं लिहिलं. सरकारी नोकरीत सगळेच तसं लिहितात. हे वाक्य पुढे आपल्याच अंगावर येईल, हे त्यांना कुठून कळावं!

शुक्रवारी सकाळी त्यांना काळा लांब शेपटीचा कोट, ताठ कॉलरचा सदरा आणि लाल पाकाचं रक्त चढवण्यात आलं. पाक गोड होता. पहिल्या दहा मिनिटांत शिरगावातल्या सगळ्या माश्यांना ते कळलं. श्रीमती क्रमांक एक आणि श्रीमती क्रमांक दोन दोन्ही बाजूंनी धावत येऊन त्यांच्या उरावर पडायच्या आणि रडायच्या. एक रडत इंग्रजीत शिव्या द्यायची, दुसरी नुसतीच रडायची. सव्वीस वर्षं पालघरच्या कचेरीत काढलेल्या माणसाला इतक्या जवळून इतकं रडणं झेपत नाही. पहिल्या वेळी वामनरावांनी डोळे मिटले. दुसऱ्या वेळी त्यांना शिंक आली. तिसऱ्या वेळी त्यांनी हात किंचित वर उचलून, "प्रिये, हा शेवटचा..." एवढं म्हणून टाकलं.

दिग्दर्शक धावत आला. मेलेला माणूस बोलत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

"आमच्याकडे बोलतो," वामनराव म्हणाले. "आमच्याकडे अर्धं पान बोलतो, मग मरतो."

चौथ्या वेळी दिग्दर्शकाने ठरवलं, की किनारा अगदी रिकामा दिसला पाहिजे. कॅमेरा दूर सुरूच्या झाडांत नेऊन ठेवला. बाकीची माणसं वाळूच्या बांधामागे पालथी पडली. रामनाथ बोईसरच्या हिंदीत ओरडले, "अय, सब लोक नीचे बसो! मुंडी नाय दिखना मंगता!" आणि स्वतःही बसले. आता किनाऱ्यावर नुसते वामनराव होते, डोळे उघडे ठेवून मेलेले, आणि त्यांच्यावर पडलेल्या दोन गोऱ्या बायका.

नेमक्या त्या वेळी सातपाटीहून रत्नाबाई आली. डोक्यावर बोंबलांची पाटी घेऊन किनाऱ्याच्या वाटेने शिरगावच्या स्टँडवर यायची आणि तिथून पालघरची एसटी धरायची, ही तिची वीस वर्षांची वाट. शिनेमावाले आलेत हे तिने ऐकलं होतं. पण शिनेमा म्हणजे नाचगाणं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. इथे गाणं नव्हतं. इथे तिचं गिऱ्हाईक छातीतून रक्त वाहत पडलं होतं.

"ओ वामनभाऊ!" ती ओरडली. "वामनभाऊ, काय झाला तुमाला? वामनभाऊ!"

वामनरावांनी आवाज ओळखला. एकोणतीस सख... ते मनात म्हणत राहिले. पापणी हलली नाही. तीस वर्षांच्या नाट्यसेवेत त्यांनी इतकं चोख काम कधी केलं नव्हतं. रत्नाबाईने तिसरी हाक मारली, त्या घाऱ्या डोळ्यांकडे एकदा पाहिलं आणि पाटी सावरत ती स्टँडकडे पळत सुटली. दिग्दर्शक झाडामागून उड्या मारत बाहेर आला. हवं ते मिळालं होतं.

पुढचं एसटीत घडलं. "सावेभाऊंना गोळी घातली गो!" रत्नाबाई छाती पिटत सांगत होती. "दोन गोऱ्या बाया उरावर पडून रडत व्हत्या. एक म्हनते माजा, दुसरी म्हनते माजा! आमी तीन हाका मारल्या, भाऊ बोललाच नाय." इंग्रजी येत नसताना तिने गोष्ट अचूक ओळखली होती, एवढं मान्य करायला हवं. गाडी पालघरला पोचेपर्यंत कंडक्टरने पिस्तूलही ठरवून टाकलं होतं.

रत्नाबाईने कचेरीच्या फाटकावर बुधा शिपायाला सांगितलं आणि ती रडत वामनरावांच्या घराकडे गेली. बुधाने आत सांगितलं. यानंतर काय झालं, ते बुधानेच पुढे वामनरावांना शब्दशः सांगितलं, आणि वामनरावांनी ते पुन्हा पुन्हा सांगायला लावलं.

कचेरीत कोणाचाही विश्वास बसायला वेळ लागला नाही. वामनरावांना हे सगळ्यात जास्त लागलं. दामूअण्णा म्हणाले, "वरून शांत दिसायचे. पण मी तो सारांश वाचला तेव्हाच मला शंका आली होती. अनुभवाशिवाय असं लिहिता येत नाही." टायपिस्टबाईंनी, "घारे डोळे, घारे डोळे," एवढंच म्हटलं आणि रुमाल काढला. साहेबांनी रजेचा अर्ज मागवला. 'छातीत दुखत असल्याने.' गोळी छातीतच लागली होती. कागद जुळला, आणि कागद जुळल्यावर साहेबांना आणखी काही लागत नसे.

आता हेही सांगायला हवं, की त्या दिवशी शारजात भारत-पाकिस्तान सामना होता आणि तो टीव्हीवर दिसणार होता. कर्मचारी वारला की शोकसभा घ्यायची आणि कचेरी बंद करायची, अशी पद्धत होती. कोणी मुद्दाम घाई केली असं मी म्हणत नाही. पण शोकसभा आठ मिनिटांत आटपली. 'मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष व घाऱ्या डोळ्यांचे कर्मचारी कै. वामन सावे यांच्या दुःखद व काहीशा अनपेक्षित परिस्थितीतील निधनाबद्दल' ठराव झाला. मृत्यूचा दाखला मागाहून जोडण्याच्या अटीवर तो इतिवृत्तात गेला. दोन मिनिटं स्तब्धता पाळायची होती, ती दीड मिनिटात सुटली.

शिरगावला ही बातमी परतीच्या एसटीने आली. रामनाथ धावत आले. "वामनराव, तुम्ही पालघरला मेलात! कचेरी बंद करतायत!" वामनरावांनी तोंडावरचा रंग कसाबसा पुसला आणि रामनाथांच्या स्कूटरवर मागे बसून ते निघाले. पहिली धाव बायकोकडे घ्यायला हवी होती. ते गेले कचेरीत. हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं, तेव्हा आपण त्यांना जास्त बोलायला नको.

फाटकाला कुलूप घालत असलेल्या बुधाने त्यांना पाहिलं. आधी तो दोन पावलं मागे सरला. मग म्हणाला, "तुमी जिते हाय, तर कचेरी परत उघडावी लागल काय?"

साहेब स्कूटर सुरू करत होते. त्यांनी वामनरावांकडे, त्यांच्या सदऱ्यावरच्या लाल डागाकडे आणि मग घड्याळाकडे बघितलं. "सावे, हे बरोबर नाही. ठराव झालाय."

"पण साहेब, मी..."

"मला दिसतंय. पण ठराव रद्द करायचा तर पुढच्या सभेत. आणि एक करा," साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "संध्याकाळपर्यंत कुठे दिसू नका."

तेव्हा कुठे वामनरावांना आठवलं. नलू! रत्नाबाई घरी जाऊन तास होऊन गेला होता. गळ्यातलं मंगळसूत्र, कपाळावरचं कुंकू, काय काय त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. रस्ताभर ते रामनाथांच्या खांद्याला गच्च धरून होते आणि "लवकर चला, लवकर चला," एवढंच म्हणत होते.

घरापुढे गल्ली जमली होती. ओटीवर बायका. मधोमध रत्नाबाई पदराने डोळे पुसत बसलेली, शेजारी तिची पाटी. आणि आतल्या दाराशी नलूताई खवणीवर बसून नारळ खवत होत्या. कुंकू जागेवर, मंगळसूत्र जागेवर. परातीत खोबऱ्याचा डोंगर झाला होता.

"आलात?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "पाय धुवून आत या. वाळू आणू नका."

रत्नाबाई किंचाळली. मग तिला राग आला. "मी तीन हाका मारल्या, तवा बोलले का नाय तुमी?"

"मी मेलो होतो, रत्नाबाई."

"माजी आख्खी पाटी नासली, भाऊ! दुखाच्या घरी येताना कोन मासे इकल?"

नलूताईंनी ती पाटी सगळीच्या सगळी ठेवून घेतली. वामनराव अजून दारात उभे होते. बायकोच्या कपाळावरचं कुंकू बघून आलेला सुटकेचा उमाळा ओसरला होता आणि त्या जागी दुसरंच काही चढत होतं. "नलू, तुला कोणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं की. गोळी घातली म्हणाली."

"मग? तुला खरं वाटलं नाही?"

"गोळी एक वेळ वाटली असती," नलूताई म्हणाल्या. "पण दोन बायका? अहो, तुम्ही आरतीला बायकांच्या बाजूला उभं राहायला लाजता!"

सगळी गल्ली हसली. रत्नाबाईही हसली. वामनराव पाय धुवायला गेले. सबंध पालघरने त्यांच्याबद्दल इतकं भव्य काही मानलं होतं, ज्यासाठी माणूस मरतो असं काही, आणि जिला ते मानायला हवं होतं तिने एका वाक्यात त्याचा भुगा केला होता. आठ दिवस त्या घरात बोंबील होते आणि खोबरं होतं. खोबऱ्याची आमटी, खोबऱ्याची चटणी, खोबऱ्याच्या वड्या, भाताला खोबरं.

कचेरीत तीन महिने गेले. ठराव रद्द करायला सभा हवी होती, आणि सभेपुढे हयातीचा दाखला हवा होता. हयातीच्या दाखल्याचं प्रकरण तयार करणं हे हेडक्लार्कचं काम होतं. तेव्हा वामनरावांनी स्वतःच्या हाताने टिपणी लिहिली: 'सदर कर्मचारी समक्ष उपस्थित राहिले असता प्रथमदर्शनी जिवंत असल्याचे दिसून येते. आदेशार्थ सादर.' साहेबांनी 'प्रथमदर्शनी' खाली लाल रेघ मारली आणि मगच सही केली.

दीड वर्षाने रामनाथांनी त्या सिनेमाची कॅसेट पैदा केली. रविवारी दुपारी त्यांच्या माजघरात खिडक्यांना चादरी लावून गल्ली बसली. रत्नाबाईला सातपाटीहून मुद्दाम बोलावलं होतं. आणि नलूताई आल्या. दाराला कुलूप घालून आल्या. किल्ली त्यांच्या मुठीत होती. वामनरावांनी ती पाहिली आणि आपल्या शेजारी त्यांना जागा करून दिली.

तो आनंद फार टिकला नाही, कारण सिनेमा सुरू झाला. पहिल्या पंधरा मिनिटांत मुलांना बाहेर काढलं. पुढच्या दहा मिनिटांत मास्तर आपण होऊन उठून गेले. पडद्यावर ती माणसं प्यायली, एकमेकांच्या खोल्यांत शिरली, पुन्हा प्यायली. नलूताई पदर तोंडाला लावून ताठ बसून होत्या. सत्तावीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, त्याच्या आधी एवढं सगळं येईल हे वामनरावांनी सारांशात लिहिलं होतं. पण नलूताईंनी सारांश वाचला नव्हता.

अखेर किनारा आला. सुरूची झाडं, ओहोटीची ओली वाळू, दूर काळ्या कोटातलं प्रेत. दोन बायका धावल्या आणि प्रेतावर कोसळल्या. श्रीमती क्रमांक दोनची रुंद टोपी घरंगळून बरोबर वामनरावांच्या तोंडाच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे बसली होती. चेहरा नाही, घारे डोळे नाहीत, काही नाही. आणि तेवढ्यात पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून, महायुद्धाच्या काळात, रबराच्या त्या बेटावर, डोक्यावर पाटी घेतलेली एक नऊवारीतली बाई जिवाच्या आकांताने पळत गेली.

"रत्नाबाई!" सगळे एकदम ओरडले. दिग्दर्शकाला ती पळणारी बाई इतकी आवडली होती, की त्याने तिला तशीच ठेवली होती. माजघरात टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. "आवो, मी!" रत्नाबाई म्हणत होती. "बोंबील पन दिसतात माजे!"

"आणि तुम्ही कुठे आहात, वामनराव?" गलका जरा कमी झाल्यावर रामनाथांनी विचारलं.

"तो... टोपीआड."

"हे तुम्ही? कशावरून?"

वामनरावांना स्वतःलाही खात्री वाटेनाशी झाली.

"तेच आहेत," नलूताई म्हणाल्या. "पोट हलतंय."

लोक पुन्हा हसले. वामनरावही हसायला गेले, पण नलूताई हसत नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या, आणि मग फक्त वामनरावांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "सिनेमात मरायला गेलाय हे ठाऊक होतं, तरी त्या दिवशी मी रत्नाबाईला एवढंच विचारत होते. पोट हलत होतं का गं, पोट हलत होतं का. तिला सांगता येईना."

"पण तू तर म्हणालीस, दोन बायका..."

"ते लोकांना. बायका बसल्या होत्या समोर." त्यांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "पाच नारळ खवले मी तुम्ही येईपर्यंत. कधी फोडले, कोणी आणून दिले, काही आठवत नाही."

वामनराव थोडे नलूताईंच्या बाजूला सरकले.

पडद्यावर आता पोलीस आले होते आणि सात संशयितांची चौकशी सुरू झाली होती. गल्लीला खुनी कोण ते बघायचं होतं. पण नलूताई, ज्यांनी जन्मात कधी चारचौघांत आवाज चढवला नव्हता, त्या मोठ्याने म्हणाल्या, "रामनाथभाऊ, ते मघाचं परत लावा."

"रत्नाबाईचं ना?"

"नाही. ह्यांचं."

रामनाथांनी बटण दाबलं. पोलीस उलटे चालत निघून गेले, रत्नाबाई पाठमोरी पळत येऊन नाहीशी झाली, दोन बायका प्रेतावरून उठून मागे मागे गेल्या, आणि रिकाम्या वाळूत एकटे वामनराव उरले. नलूताई पुढे सरकून बसल्या. काळ्या कोटाखाली पोट हलकेच वर आलं, आणि खाली गेलं.

"परत," नलूताई म्हणाल्या.